येऊ दे, येऊ दे

१

त्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवलं नाही. टेबलभर देशाचा नकाशा पसरला होता आणि नकाशावर पिपाने मुक्कामागणिक एकेक मॅकरोनी मांडली होती. मिल्ड्युराहून, म्हणजे आमच्या घरापासून, निघालेली ती रांग पोर्ट ऑगस्टा, कूबर पीडी करत थेट देशाच्या मधल्या तांबड्या मातीत जायची. तीन वर्षांचा हेमिश रोज त्यातला एखादा मुक्काम खाऊन टाकायचा आणि सहा वर्षांची पिपा भोकाड पसरून नवा मांडायची. आम्ही बशा मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायचो आणि माझा नवरा ग्रँट जादा टायर आणि पाण्याचे कॅन या विषयावर प्रवचन द्यायचा.

मी शाळेची बस चालवते. वर्षभर लोकांची पोरं वाहायची, आणि सुट्टीत पुन्हा तेच स्टिअरिंग धरून मागे स्वतःची पोरं बसवायची, याला ग्रँट आराम म्हणतो. तरी मला जायचं होतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त जायचं होतं. हेमिशचं पहिलं वर्ष सगळं इस्पितळात गेलं होतं. छताशिवाय त्याने काही पाहिलंच नव्हतं म्हणा ना. त्याला एकदा ते मधलं मोठं आकाश दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आम्ही रेनमार्कच्या मिसेस ट्रेलोर नावाच्या म्हातारीकडून घेतली. जुनी, पण जपलेली. ती परसात उभी होती, तोंड मागच्या कुंपणाकडे करून. तशी ती बाहेर काढायची म्हणजे घराच्या कडेची सगळी चिंचोळी वाट मागे घेत घेत यावं लागणार होतं. आम्ही पोचलो तर बाईने मागचं कुंपणच पाडून ठेवलं होतं. नुसते पत्रे नाहीत, खांबसुद्धा मुळाशी कापले होते, म्हणजे कॅरव्हान जोडायची आणि सरळ मागच्या गल्लीत निघून जायचं.

"पुढूनच काढा," ती म्हणाली. "मागे घ्यायची काही गरज नाही."

परतीच्या वाटेवर ग्रँट म्हणाला की बाईचा एक स्क्रू ढिला आहे, विकायची गाडी आणि पाडलं स्वतःचं कुंपण. मी हसले. भल्या माणसांना म्हातारपणी असं काहीतरी सुचतं, असं मला वाटलं.

२

कॅरव्हानच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ट्रेलोर मंडळी भटकायला निघाली, चॅनल २७." आमच्याकडे असं लिहायची पद्धत आहे. मागून येणाऱ्याला पुढे जायचं असलं तर तो त्या चॅनलवर रेडिओवरून विचारतो. अक्षरांखाली स्टिकरची माणसं होती. बाप, आई, तीन मुलं, कुत्रा. म्हातारीच्या फ्रिजवर फोटो दोनच मुलांचे होते, लहानपणापासून लग्नापर्यंतचे. हे माझ्या नजरेत आलं आणि तिथेच राहिलं.

ग्रँटने एक रविवार घालवून ते सगळं खरवडून काढलं. नाव गेलं, माणसं गेली. पण उन्हाने बाकीचा रंग उडाला होता, त्यामुळे माणसं होती तिथे त्यांचे स्वच्छ पांढरे आकार उरले, आधीपेक्षा ठळक. आकडा मात्र त्याने तसाच ठेवला. "आकड्याने काय घोडं मारलंय?" म्हणाला. "आपणही सत्तावीसच घेऊ."

कॅरव्हान घरासमोर रस्त्याच्या कडेच्या गवतावर उभी केली होती. उतरत्या दुपारी मी बस डेपोत लावून घरी येई, तोवर पोरांचा संसार तिच्यात थाटलेला असायचा. ग्रँटने एक रेडिओ गाडीत बसवला आणि दोन हातातले आणले. एक पिपाकडे, एक माझ्या ओट्यावर. "स्वयंपाकघर, स्वयंपाकघर, आम्हाला भूक लागलीय," असं दर थोड्या वेळाने सुरू व्हायचं. मी उत्तर द्यायची की स्वयंपाकघर बंद आहे, मालकीण पळून गेली.

अशाच एका दुपारी मी गाजरं चिरत होते आणि ओट्यावरून पुरुषाचा आवाज आला.

"येऊ दे… येऊ दे… थोडी डावी मार… येऊ दे."

शांत, समजूतदार आवाज. मी सुरी थांबवली आणि लगेच पुन्हा चालू केली. नदीकाठी कॅरव्हान पार्क आहे, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दुपार कलली की प्रवासी तिथे उतरतात, जो तो आपली गाडी जागेवर लावत असतो. कोणीतरी आमच्याच चॅनलवर बायकोला गाडी मागे घ्यायला सांगत होता, यात नवल ते काय?

३

पुढेही तो आवाज यायचा. रोज नाही, पण वरचेवर. वेळ तीच, उन्हं स्वयंपाकघराच्या फरशीवर आली की. पोरांना त्याची सवय झाली. हेमिश आपला लाकडी ट्रक भिंतीकडे मागे मागे नेत स्वतःशी "येऊ दे, येऊ दे" करायचा. मलाही सवय झाली होती, पण काहीतरी खटकत होतं. काय, ते मला कपड्यांच्या घड्या घालता घालता कळलं.

कॅरव्हान मागे घेताना चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. एक जण मागे उभा राहून सांगतो, दुसरा ऐकतो. आमच्या देशात मोडलेल्या संसारांतले निम्मे याच कामात मोडले असतील. सांगणारा चिडतो, ऐकणारा त्याहून चिडतो, पोरं गंमत बघतात. पण सांगणारा कितीही गाढव असो, शेवटी एक शब्द म्हणतोच. बास. तेवढ्यासाठीच तर तो तिथे उभा असतो.

हा माणूस बास म्हणत नव्हता.

"येऊ दे… छान येतेय… येऊ दे… जागा आहे अजून," आणि मग नुसती खरखर.

ग्रँटला सांगितलं तर म्हणाला, बटण आधीच सोडत असेल. मग म्हणाला, शेवटचा शब्द ओरडून सांगत असेल, त्याला रेडिओ कशाला? दोन्ही पटण्यासारखं होतं. त्याची आई, नोलीन, चहाला आल्या तेव्हा मी त्यांना हे बोलून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "तू दिवसभर चाळीस पोरं ऐकतेस ना, संध्याकाळी भिंतीसुद्धा बोलतात मग." मी त्यांना आणखी एक बिस्किट दिलं.

तरी पुढच्या वेळी मी हातातलं काम टाकून ऐकलं. खरखर सुरू झाल्यावरही ऐकत राहिले. तो आता म्हणेल, आता म्हणेल, असं वाटत होतं. पाणी उतू जाऊन गॅस विझला तेव्हा मी भानावर आले.

४

मग एकदा तो म्हणाला, "लिंबाची फांदी सांभाळ. येऊ दे."

आमच्या घराच्या कडेने परसात जाणाऱ्या वाटेच्या डाव्या अंगाला लिंबाचं झाड आहे. ग्रँट आणि त्याचे मित्र बिअर पिऊन ज्याला आपापल्या परीने पाणी घालतात, ते. पण मिल्ड्युरात घराघरात लिंबाचं झाड असतं आणि पार्कात तर रांगेने लावलेली आहेत. मी मनाला तसं समजावलं आणि मन समजलंही.

दुसऱ्या दिवशी पोरं पोहून आली. मी त्यांचे टॉवेल परसातल्या कपडे वाळत घालायच्या फिरत्या दोरीवर टाकले, एक निळा, एक बदकांचा, आणि आत येऊन हात पुसत होते.

"टॉवेलांकडे बघू नकोस," तो म्हणाला. "सरळ येऊ दे."

या वेळी मी आवाज नीट ऐकला. तो बराचसा ग्रँटसारखा होता. ग्रँटला सर्दी झाली की होतो, तसा. मी रेडिओ बंद केला, त्यातली बॅटरी काढली, पिपाच्या हातातून दुसरा काढून घेतला. ती रडली, तिला रडू दिलं. भीती वाटतेय हे मी अजून स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

मी मिसेस ट्रेलोरला फोन लावला. निमित्त काढलं की कॅरव्हानमधली शेगडी पेटत नाही. तिने सांगितलं कसं पेटवायचं ते, सविस्तर, न कंटाळता. मग विचारलं, "मागे घेतलीत का ती तुम्ही?"

अजून नाही, मी म्हणाले. रस्त्यावर फार दिवस ठेवता येत नाही, तेव्हा शनिवारी आत घेऊ. प्रवासाआधी सरावही होईल.

मागे तिच्या घरात घड्याळ टिकटिकत होतं.

"आम्ही पार्कात नेहमी आरपार जागा मागायचो," ती म्हणाली. "पुढून आत, पुढून बाहेर. नंतर नंतर. मुलं किती लहान आहेत गं तुझी?"

मी सांगितलं. आणि मग विचारून टाकलं, की तुम्ही कधी चॅनल सत्तावीसवर काही ऐकलं होतं का. आम्ही तो रेडिओच काढून टाकणार आहोत, असंही म्हणाले.

"आम्हीही काढला होता पोरी," ती म्हणाली. "रेडिओचं काही नसतं."

मी तिच्या तिसऱ्या मुलाबद्दल विचारणार होते. तिने फोन ठेवला होता.

५

शनिवारी लख्ख ऊन होतं. मी अटी घातल्या होत्या आणि ग्रँटने माझ्या तोंडाकडे बघून त्या निमूट मान्य केल्या होत्या. रेडिओ सगळे बंद. तो मागे उभा राहून तोंडाने सांगणार. पोरं घरात, आजीजवळ, दाराला कडी. मी तीनदा बघून आले. नोलीन कार्टून लावून बसल्या होत्या, हेमिश त्यांच्या मांडीवर होता, पिपा गालिच्यावर.

"रो, मोर्चा काढतेयस की गाडी?" ग्रँट म्हणाला. पण हळू म्हणाला.

मी गाडीत बसले, दोन्ही काचा खाली केल्या. ग्रँटने कॅरव्हानच्या मागे कॅमेरा बसवून दिला होता आणि माझ्यासमोर त्याचा छोटा पडदा होता, पण दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडत होतं आणि पांढऱ्या झगझगाटाखेरीज त्यात काही दिसत नव्हतं. आरशांत कॅरव्हानच्या दोन बाजू, डावीकडे लिंब, उजवीकडे पाण्याची टाकी. ग्रँट चालत मागे गेला आणि आरशातून दिसेनासा झाला.

"येऊ दे," त्याने मागून ओरडून सांगितलं. "उजवी… बास. आता सरळ. येऊ दे."

त्या बासने मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले. माझा माणूस होता तो, माझा स्वतःचा, सर्दी नसलेला. मी मागे घेऊ लागले. चाकांखाली खडी वाजत होती. लिंबाची फांदी कॅरव्हानला घासून गेली.

"येऊ दे… येऊ दे… छान येतेय."

परसातल्या दोरीची सावली आरशात आली.

"येऊ दे… जागा आहे अजून."

आणि तेव्हा ग्रँट माझ्यासमोरून चालत गेला. समोरून, काचेपलीकडून. तो गाडीच्या नाकाशी आला, वाकला, बागेची नळी हातात धरून उभा राहिला आणि इथे काय अडकलंय, असं खुणेनेच मला विचारू लागला. त्याचं तोंड बंद होतं.

"येऊ दे," मागून त्याचा आवाज आला.

मी ब्रेक इतका जोरात दाबला की कॅरव्हानमधली सगळी भांडी एकदम कोसळली. इंजिन बंद पडलं. ग्रँट उन्हाच्या आड आला होता आणि पडद्यावर त्याची सावली पडली होती. त्या सावलीत पडदा दिसू लागला.

त्यात हेमिश होता. कॅरव्हानला जवळजवळ टेकून, पायात मोजे, अगदी स्थिर. एक हात त्याने वर पडद्याच्या कडेकडे उचलला होता, मोठ्या माणसाचं बोट धरून मूल उभं राहतं तसा. त्या हाताच्या पुढची जागा चौकटीबाहेर होती. त्याच्या बोटांना कोणीतरी किंचित ओढलं आणि तो अर्धं पाऊल आणखी जवळ आला.

मी कशी पोचले मला आठवत नाही. मागे तो एकटाच उभा होता. रडला नाही, घाबरलाही नव्हता. हात मात्र खाली घेईना. मला तो माझ्या हाताने खाली करावा लागला, आणि त्याची बोटं गरम होती.

६

नोलीन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तूच हाक मारलीस ना? हेमिशला पाठवा, मला हवाय तो, असं म्हणालीस. मी कडी काढली."

मी ग्रँटकडे बघितलं. तो नळी अजून हातात धरून होता.

"मलाही तूच बोलावलंस," तो म्हणाला. "चाकाखाली नळी आलीय, पुढे ये म्हणालीस. मी म्हटलं थांब मग, मागे घेऊ नकोस. तू हो म्हणालीस, रो."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, हे सांगून काय होणार होतं? सांगितलं तरीही. त्या दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला आजही सहन होत नाही. त्यांना मी खोटी वाटत नव्हते. ते माझा आवाज ऐकत होते, नीट, लक्ष देऊन, पारखून.

कॅरव्हान तिथून पुढूनच निघाली. सोमवारी ग्रँटने ती भंगारवाल्याकडे नेली आणि तिचे तुकडे होईपर्यंत तिथे उभा राहिला. भंगारवाला त्याला म्हणाला, मालक, अजून वीस वर्षं चालली असती. घरी आल्यावर ग्रँट गाडी रस्त्यावरच लावून आत आला. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. काही सांगायचं असलं तर जाऊन समोर उभं राहायचं. पोरांना आम्ही हा खेळ आहे म्हणून शिकवलं.

मिसेस ट्रेलोरने कापून ठेवलेले ते कुंपणाचे खांब मला सारखे आठवत. तिला पुष्कळच सांगायचं होतं बिचारीला, आणि तिने जमेल तेवढं सांगितलंही होतं.

७

तरीही आम्ही गेलो. लोक विचारतात कसे गेलात म्हणून. जे झालं ते आमच्या घरात, आमच्या लिंबाशेजारी झालं होतं. घरात राहून कोण सुरक्षित होतं? पिपाने मॅकरोनी उचलू दिल्या नव्हत्या. आणि हेमिशला आकाश दाखवायचं होतं. आम्ही तंबू घेतला, गाडीला मागे काहीही न जोडता निघालो आणि जिथे जिथे थांबायचं तिथे गाडी पुढून आत, पुढून बाहेर.

हेमिशने ते आकाश पाहिलं. पाठीवर पडून, तोंड उघडं टाकून पाहिलं. त्यासाठी मी आणखी काहीही सोसलं असतं.

तांबड्या मातीतल्या एका पार्कात आम्ही दोन दिवस राहिलो. दुपार कलली की तिथे कॅरव्हान यायला लागत. धुळीने माखलेल्या, मागे सायकली बांधलेल्या, आत भांडणारी पोरं. तंबूच्या दाराशी खुर्ची टाकून मी ऐकत बसायची. येऊ दे, येऊ दे, बास. अगं येऊ दे म्हणतोय ना, आता बास. सगळीकडून तेच. प्रत्येक जण बास म्हणत होता. एका म्हाताऱ्या जोडप्याची तर त्यावरून इतकी जुंपली की आजीबाई गाडीतून उतरून चालायलाच लागल्या. खूप दिवसांनी मी आणि ग्रँट एकमेकांकडे बघून हसलो. दोन्ही पोरं माझ्या पायाशी मातीत बसून रस्ते आखत होती. माझे खांदे खाली आले ते मला स्वतःला जाणवलं.

ग्रँट पाणी आणायला नळावर गेला. आमच्या रांगेत दोन जागा सोडून एक मोठी कॅरव्हान मागे येत होती.

"येऊ दे… येऊ दे… छान येतेय," मागून बाई सांगत होती. शांत, समजूतदार आवाज. बरं सांगते ही, माझ्या मनात आलं. बसमध्ये पोरांना रांगेत उतरवताना मी बोलते, तशी.

"येऊ दे… जागा आहे अजून."

तो माझाच आवाज होता.

मी धावले. पोरांना तिथेच टाकून धावले. तंबूच्या दोऱ्या, कोणाची तरी खुर्ची, काय काय तुडवलं कोण जाणे. धावता धावता जीव तोडून ओरडत होते, बास, बास, बास. माझा एक आवाज येऊ दे म्हणत होता आणि माझाच दुसरा बास म्हणत होता, आणि त्या गाडीत बसलेल्या माणसाला यातला कोणता ऐकायचा हे ठरवायचं होतं.

तो थांबला.

कॅरव्हानच्या मागे, हातभर अंतरावर, एक लहान मुलगी उभी होती. फ्रॉक धुळीने तांबडा झाला होता. एक हात तिने वर उचलून धरला होता, रिकाम्या हवेत. तिच्या पलीकडे कोणी नव्हतं. तिची आई न्हाणीघरांकडून दुसऱ्या मुलाला घेऊन येत होती आणि तिने हातातला टॉवेल टाकून दिला.

बापाने गाडीतून उतरून आधी पोरीला उचललं. तिला छातीशी आवळून तो कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. पार्कातली सगळी माणसं आपापली कामं सोडून आमच्याकडे बघत होती आणि त्यांच्यामागे ग्रँट होता, कॅन हातात धरून, तसाच लक्ष देऊन ऐकत.

"बाई," तो माणूस म्हणाला, "इतका वेळ येऊ दे, येऊ दे करत होतात. मी म्हटलं, चांगल्या आहात, मदत करताय. मग एकदम बास. तुम्हाला नक्की काय करायचं होतं?"

तोंड उघडायचीच मला भीती वाटत होती.